तासाला बारा पानं

पहाटे ५.१५

दूधवाल्याच्या आधी उठते. चहाचं आधण चढवते आणि मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेलं ‘ऋतुचक्र’ उघडते. दुर्गाबाई भागवतांचं हे पुस्तक १९५६ सालचं, मराठी महिन्यांवरच्या लेखांचं. ज्या महिन्यात असेन त्या महिन्याचा लेख, एवढाच माझा नेम. सध्या आषाढ चालू आहे, खिडकीबाहेर आणि पुस्तकातही. आधणाला उकळी फुटेपर्यंत एक परिच्छेद होतो, कधी अर्धाच. इथे घड्याळ लावायचं नाही आणि ओळीखालून बोट फिरवायचं नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलंय.

बजावायची वेळ आली, कारण जानेवारीपासून मी वेगवाचनाचा सराव करते आहे. वय त्रेपन्न, धंदा मुद्रितशोधनाचा. दिवसभर अक्षर न् अक्षर वाचायचे पैसे घेते आणि प्रवासात अक्षरं गाळायला शिकते. मुलगा म्हणतो, “आई, हे म्हणजे हलवायाने मधुमेहाचं शिबिर भरवल्यासारखं झालं.” भरवेना का. डिसेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून सांगितलं. त्या रात्री मी कपाटातली आणि पलंगाखालच्या खोक्यांतली न वाचलेली पुस्तकं मोजली. सव्वापाचशे भरली. महिन्याला चार वाचली तरी अकरा वर्षं, तीही नवीन एकही घेतलं नाही तर. आणि न घेण्याचा माझा लौकिक नाही.

सकाळी ६.३०

पोळ्या लाटताना वाचता येत नाही. ऐकता येतं, पण मला ऐकलेलं लक्षात राहत नाही. तेव्हा हा वेळ आठवणींचा.

मी चार-पाच पुस्तकं एकदम वाचते म्हटलं की लोक कपाळाला आठ्या घालतात. आमच्या घरात तर तीच रीत होती. आजोबा सकाळी संध्येनंतर पंचांग बघत, दुपारी वर्तमानपत्र अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत, संध्याकाळी हरिपाठ. आणि दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह बसला की पाटासमोर व्यासपीठ मांडून पोथी. बावन्न-त्रेपन्न अध्याय, सात दिवस. पण रोज सात-आठ असा सरळ भागाकार नव्हता. पहिल्या दिवशी नऊ, दुसऱ्या दिवशी बारा, आणि पाचव्या दिवशी छत्तीस ते अडतीस हे तीनच. छत्तिसावा अध्याय चांगलाच लांब आहे, म्हणून. ज्याने कोणी ही वाटणी केली त्याला वाचणाऱ्याच्या घशाची आणि पाठीची कल्पना होती. “रोज पन्नास पानं” असा नवस बोलणाऱ्यांना ती नसते.

गुरुचरित्र बायकांनी वाचू नये, असं आजोबांचं ठाम मत. आजी काही बोलायची नाही. ती शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज वाचायची, ओठ हलवत, आणि आजोबांच्या आधी उठायची. वेगवाचनाची पुस्तकं सांगतात की ओठ हलवणं, मनातल्या मनात उच्चारणं, ही पहिली खोड मोडा. आजीचा उच्चार मोडायची कोणाची छाती होती?

सकाळी ८.२०

डोंबिवली ते दादर फास्ट, पाऊण तास ते पन्नास मिनिटं. लेडीज डब्यात बसायला मिळालं तर चौथी सीट, म्हणजे अर्धी मांडी हवेत. नाहीतर ठाण्याला उठणारीला “कुठे उतरणार?” विचारून ठेवायचं. पावसाळ्यात पुस्तक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. समोर कोणी गवार मोडत असतं, कोणी मुलाच्या मॅडमना फोनवर गृहपाठ विचारत असतं. सरावाला याहून चांगली जागा नाही. घरी शांतता असते, आणि शांततेत मला झोप येते.

गाडीतलं पुस्तक ठरलेलं: बाबूराव अर्नाळकरांची झुंजारकथा. हजारावर रहस्यकथा लिहिलेल्या माणसाने वाचकाचा वेळ फुकट घालवायचा नाही हे व्रत पाळलेलं दिसतं. वाक्य आखूड, परिच्छेद दोन ओळींचा, पात्राने सिगारेट पेटवली की पुढच्या पानावर काहीतरी होणार.

सरावाची रीत अशी. पोस्टकार्डाएवढी पुठ्ठ्याची पट्टी घ्यायची. ओळ वाचून झाली की वरून झाकायची, म्हणजे डोळ्याला मागे फिरता येत नाही. मोबाइलवर एक मिनिट लावायचं. मिनिट झालं की ओळी मोजायच्या, गुणिले ओळीतले सरासरी शब्द. या पुस्तकात ते नऊ भरतात. मग पुस्तक मिटून काय वाचलं ते मनात पाच वाक्यांत सांगायचं. ही पाच वाक्यं फार महत्त्वाची. ती गाळली की आकडा रोज वाढतो आणि डोक्यात काही उरत नाही. फेब्रुवारीत माझं तसंच झालं होतं. चारशे शब्दांपर्यंत पोहोचले म्हणून कांजूरमार्गपर्यंत खूश होते. घाटकोपरला लक्षात आलं की ज्याचा खून झालाय त्याचं नावच मला माहीत नाही.

तेव्हापासून या विषयाच्या मुळाशी जायचं ठरवलं आणि मजा वाटायला लागली. आपण वाचताना डोळा ओळीवरून घसरत जातो असं आपल्याला वाटतं. तो खरं म्हणजे उड्या मारतो. पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेतून १८७८-७९च्या सुमारास ही गोष्ट पुढे आली. थांबला की साधारण पाव सेकंद, आणि वाचणं घडतं ते त्या थांब्यावर, उडीत नाही. म्हणजे डोळाही आमच्या गाडीसारखाच, स्टेशन आल्याशिवाय कोणाला चढता-उतरता येत नाही. (पुढे जावाल काचबिंदूने आंधळे झाले. तरीही त्यांनी वाचन-लेखनाच्या शरीरशास्त्रावर १९०५मध्ये ग्रंथ काढला. मी मोतीबिंदूची कुरकुर करते तेव्हा त्यांची आठवण काढते.) एका थांब्यावर किती दिसतं तेही मोजलेलं आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला डावीकडची तीन-चार अक्षरं, उजवीकडची चौदा-पंधरा, आणि त्यातली लख्ख फारच थोडी. तेव्हा “एका नजरेत अख्खं पान” शिकवणाऱ्या क्लासची फी भरायच्या आधी हा हिशेब मांडावा.

त्या क्लासची आजी म्हणजे अमेरिकेतल्या यूटाच्या शिक्षिका एव्हलिन वूड. त्यांचा ऐंशी पानांचा निबंध एका प्राध्यापकाने दहा मिनिटांत वाचून तपासला, तिथून त्यांना हा नाद लागला म्हणतात. १९५९मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला संस्था काढली आणि पानावरून हात फिरवत वाचायला शिकवलं. पुढे अध्यक्ष जिमी कार्टर यांनीही व्हाइट हाउसमध्ये हा वर्ग लावला. बोट मला पटलं. पोथी वाचणारा प्रत्येक जण बोट फिरवतो. जुन्या पोथ्यांत शब्दांच्या मध्ये जागाच नसायची, सगळी ओळ एका माळेत, तिथे बोट नसेल तर माणूस हरवतो.

आकड्याचं मात्र मला पटलं नाही. बेल्जियमच्या मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९मध्ये १९० अभ्यास एकत्र करून इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांची सरासरी काढली. माहितीपर मजकुराला मिनिटाला २३८ शब्द, कथा-कादंबरीला २६०. आता “घराबाहेरच्यांनासुद्धा” हा आपला एक शब्द घ्या. इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतात. आपण विभक्ती, शब्दयोगी अव्यय, “ही” आणि “च” सगळं एकाच दोरीत ओवतो. शिवाय वेलांटी वर, उकार खाली, पहिली वेलांटी तर लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. तेव्हा इंग्रजी अ‍ॅपने मला दिलेलं साडेचारशेचं लक्ष्य मी वहीतून खोडलं. माझी शर्यत माझ्याच जानेवारीतल्या दोनशे दहाशी.

आज दोनशे नव्वद. खुनी नोकर नव्हे, हे मला विक्रोळीलाच कळलं होतं.

सकाळी ९.४५

ऑफिस म्हणजे प्रकाशकाच्या दुकानामागची खोली. तीन टेबलं, एक कॉम्प्युटर, गठ्ठे. आज टेबलावर एका निवृत्त कारखानदाराच्या चरित्राचं दुसरं प्रूफ आहे. पर्समधून तीच पट्टी काढते, पण इथे ती उलट्या बाजूने चालते. गाडीत वाचलेली ओळ झाकायची, इथे न वाचलेली. डोळा पुढे पळू नये म्हणून.

पहिलं प्रूफ हस्तलिखिताशी ताडून वाचायचं, दुसरं नुसतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ. “दिन” की “दीन”, “शिर” की “शीर”. समास तुटलाय का, अवतरण बंद झालंय का, पान संपताना शब्द कुठे मोडलाय. या कामात माझा वेग तासाला बारा पानं. मिनिटाला पन्नासच्या आसपास शब्द. गाडीतल्या बाईने मला बघितलं तर ओळख दाखवणार नाही.

आणि एकदा गाडीतली बाई इथे शिरली होती, ते सांगायलाच हवं. मार्च महिना, आर्थिक वर्षअखेर, तीन पुस्तकं एकदम छापायला जायची होती. मला वाटलं, एवढा सराव केलाय तर त्याचा कामालाही उपयोग होऊ दे. एका शिक्षकाच्या गौरवग्रंथाचं दुसरं प्रूफ मी तासाला पंचवीस पानांनी हातावेगळं केलं. पुस्तक छापून आलं. हजार प्रती. प्रकाशन समारंभ झाला, तीनशे प्रती वाटल्या गेल्या, आणि चौथ्या दिवशी फोन आला. पान ४३, ओळ ११: “त्यांचा विवाद मे महिन्यात मोठ्या थाटामाटात पार पडला.”

ते वाक्य मी वाचलं होतं. शपथेवर सांगेन, मी त्यात “विवाह” वाचलं होतं. शब्दाचा आकार तोच, शेवटचं अक्षर तेवढं वेगळं, आणि पुढे थाटमाट वाट बघत उभा. डोळ्याने “विवा” एवढंच घेतलं, उरलेलं डोक्याने भरलं. वेगाने वाचणं म्हणजे बहुतांशी हेच, पुढचं काय येणार याचा बरोबर अंदाज. म्हणून झुंजारकथा दोनशे नव्वदने जाते. नायक झुंजार सुटणार हे आधीच माहीत असतं. ज्याला कायदा माहीत त्याला निकालपत्र भराभर वाचता येतं, मला नाही येणार. आणि प्रूफवाचन म्हणजे तो अंदाज रोज दाबून टाकायची नोकरी.

उरलेल्या सातशे प्रतींत शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या चिकटवल्या मी, डीटीपीच्या मुलाने आणि शिपायाने, दोन दिवस, डिंकाची बाटली मध्ये ठेवून. मालक एवढंच म्हणाले, “बाई, वेगाने वाचायचं असेल तर दुसऱ्यांची पुस्तकं वाचा, माझी नको.” गुरुजींच्या पत्नी प्रती न्यायला आल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, हसल्या, आणि चिठ्ठी न चिकटवलेली एक प्रत मागून घेतली.

दुपारी १.१५

डबा. भेंडीची भाजी असली की एका हाताने वाचता येतं, वरण-भात असला की नाही. डब्यासोबत गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’. पेण तालुक्यातल्या वरसईचा हा भिक्षुक. मथुरेला बायजाबाई शिंद्यांचा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली उत्तरेला निघाला आणि नेमका बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा हा आत. पुढे चिंतामणराव वैद्यांनी लिहायला लावलं आणि १९०७मध्ये पुस्तक निघालं. मी हे तिसऱ्यांदा वाचते आहे.

याची चाल मधली. जुनी वाक्यं लांब असतात, पण माणूस गोष्ट सांगणारा आहे. वर्णन आलं की मी वेग वाढवते, पैशाचा हिशेब आला की थांबते. भटजी पैशाच्या बाबतीत फार खरे आहेत. इथे पट्टी नाही, मागे फिरायला मोकळीक. वाचताना शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागेच पडतात, चांगल्या वाचकाच्यासुद्धा, आणि त्या सगळ्याच काही खोडी नसतात. वाक्याने गुंगारा दिला की डोळा परत जाऊन विचारून येतो. आमच्या धंद्यात याला दुरुस्ती म्हणतात.

पुस्तकांची सरमिसळ होत नाही का, हा प्रश्न मला महिन्याला दोनदा तरी येतो. होते. एकाच जातीची दोन घेतली की होतेच. मागे मी ‘पानिपत’ आणि भटजी एकाच आठवड्यात वाचत होते, तर मनातल्या पाच वाक्यांत सदाशिवरावभाऊ थेट झाशीच्या तटावर. शंभर वर्षं इकडची तिकडे. तेव्हापासून नियम एकच: लढाया एका वेळी एकीकडेच. आषाढातलं निसर्गवर्णन, खून, भिक्षुकी आणि कारखानदार ही चौघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत.

दुपारी ४.००

डोळे चुरचुरतात. चष्मा काढून पाच मिनिटं समोरच्या गुलमोहराकडे बघायचं. डीटीपीचा मुलगा करेक्शन्स टाकून पानं परत देतो आणि विचारतो, “ताई, इथे ‘कारखान्याचे उद्घाटन’ दोनदा का आलंय?” हस्तलिखितातच दोनदा आहे. लेखकाला फोन. ते म्हणतात, उद्घाटन खरंच दोनदा झालं होतं, एकदा मंत्री आलेच नव्हते. तसं लिहा म्हटलं.

संध्याकाळी ६.१०

परतीची गाडी सातनंतर थोडी सुसह्य होते, म्हणून मध्ये दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात डोकावते. संस्था १८९८ची. वाचनालयात उभ्या उभ्या चाळणं हा वेगवाचनाचा सगळ्यात उपयोगी प्रकार, आणि कोणत्याही क्लासशिवाय येतो. अनुक्रमणिका, प्रस्तावनेचं शेवटचं पान, मधलं कुठलंही एक पान. घरी न्यायचं की नाही हे चार मिनिटांत ठरतं. सव्वापाचशेच्या ढिगात भर पडू नये म्हणून मी हे शिकले आणि दर आठवड्याला एक पुस्तक घेऊन बाहेर पडते.

एका इंग्रजी पुस्तकात मी एक चित्र पाहिलं होतं. आगोस्तिनो रामेल्ली नावाच्या इटालियन इंजिनिअरने १५८८मध्ये यंत्रांचा ग्रंथ काढला, त्यात एक चाक आहे. पाणचक्कीसारखं उभं, त्यावर फळ्या, प्रत्येक फळीवर उघडं पुस्तक. वाचणारा खुर्चीत बसून चाक फिरवतो, दातेरी चक्रांमुळे पुस्तकं तिरकी होत नाहीत, हवं ते समोर येतं. त्याने ते यंत्र विशेषतः गाउटच्या रुग्णांना सोयीचं म्हणून सुचवलं होतं. डोंबिवलीच्या साडेचारशे चौरस फुटांत ते चाक मावायचं नाही. आमच्याकडे ओटा, पर्स, डब्याची पिशवी आणि उशी, एवढ्या चार फळ्या.

रात्री ९.४५

भांडी, उद्याची भाजी निवडून, सासूबाईंच्या गोळ्या. त्या झोपायच्या आधी विचारतात, “आज किती झालं गं?” त्यांना आकडा हवा असतो. मी दोनशे नव्वद सांगते. “म्हणजे पास ना?” म्हणून त्या कूस बदलतात.

उशाला जी. ए. कुलकर्णींचं ‘काजळमाया’. एकदा प्रयोग म्हणून मी त्यातल्या एका कथेला पट्टी लावून मिनिट लावलं होतं. एकशे नव्वद आले. पाच वाक्यांतलं मात्र एकही सांगता आलं नाही. काय घडलं ते कळलं होतं, पण सांगावं असं काहीच हाताला लागलं नव्हतं. जी. एं.च्या वाक्यात पुढच्या शब्दाचा अंदाज करायला गेलं की दर वेळी चुकतो. मी पट्टी काढून टाकली. आता रात्री दीड पान, कधी एकच, ओठ हलवत. आजीसारखं.

दिवा मालवायच्या आधी वही:

झुंजार – ४६ पानं, २९०. भटजी – ९ पानं. दुर्गाबाई – एक परिच्छेद, चहा उतू गेला. जी. ए. – दीड पान, वेळ लावली नाही.

उद्या चरित्राचा नवा फर्मा येतोय. सोळा पानं. मालकांना दीड तास सांगितलाय.